प्लास्टिकच्या मोटारीची बॉडी



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा उघड होती. कामगार संघटनेचा माणूस आहे, तेव्हा किमान वेतनावर बोलेल, नाहीतर ठेकेदारीवर बोलेल. मी त्यांना म्हटले, त्या विषयांवर मी वर्षभर बोलतच असतो; कारखान्याच्या गेटवर, पाळी सुटताना, ऐकणाऱ्याला गाडी गाठायची घाई असताना. इथे मला बसलेली माणसे मिळणार आहेत, तर एक निवांत विषय घेऊ द्या. दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या लहान मोटारीची बॉडी कापून, जोडून, घासून खऱ्या मोटारीच्या प्रमाणात कशी आणावी, हा तो विषय. चिटणीस जरा थांबून म्हणाले, "म्हणजे खेळण्यावर?" होय, खेळण्यावरच.

मला हा नाद लागला तो उमरोळीत. पालघर आणि बोईसर यांच्या मधले आमचे स्टेशन. सकाळी निम्मे गाव तारापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे जाते आणि उरलेले मुंबईच्या बाजूला. आमच्या आळीत एक निवृत्त कामगार राहतात. सारे त्यांना दादा म्हणतात, मीही तेच म्हणतो. १९७२ साली ते कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या बॉडी शॉपमध्ये लागले. काम दारे बसवण्याचे. मोटारीच्या सांगाड्याला चार दारे बिजागरीवर चढवायची, फट सारखी करायची आणि सांगाडा पुढे सोडायचा. नोकरीची सारी वर्षे त्यांनी हेच केले.

या दादांच्या नातवाला कोणी वाढदिवसाला प्लास्टिकची काळी-पिवळी टॅक्सी दिली. मागे ओढून सोडली की पळते, तशी. पोराने ती आजोबांपुढे धरली आणि विचारले, "तुम्ही हीच गाडी बनवत होता ना?" दादांनी ती हातात घेतली, डोळ्यांसमोर आडवी धरली आणि परत दिली. "नाही रे, ही ती नव्हे." पोर हिरमुसले. मी तिथेच चहा पीत होतो. मी म्हटले, "दादा, पद्मिनीच आहे की. जाळी तीच, दिवे तेच." दादा म्हणाले, "तू दारं बघ. या मागच्या दारातून माणूस आत शिरेल का?"

त्या दारापासून हे सारे सुरू झाले.

तरुण श्रोत्यांसाठी मूळ गाडीची थोडी ओळख करून देतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ही कंपनी काढली. इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य करून मोटारी बनू लागल्या. १९५४ च्या सुमारास आलेल्या गोलमटोल फियाटला आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' असे नाव ठेवले. तिची पुढची दारे उलटी उघडत. म्हणजे बिजागरी मधल्या खांबाला आणि कडी पुढे. पुढची आणि मागची दोन्ही दारे एकाच खांबाला टांगलेली. १९६४ साली अकराशे डिलाइट आली, १९७२ मध्ये तिचे नाव प्रेसिडेंट झाले आणि १९७४ मध्ये पद्मिनी. दादा लागले ते नेमके या नावबदलाच्या काळात. "नाव कितीही बदला, दार तेच," असे ते म्हणतात. शतक बदलता बदलता तिचे उत्पादन थांबले. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. आज त्या पोराला खरी पद्मिनी दाखवायची तर शोधत हिंडावे लागते. म्हणून खेळण्याची दारे दुरुस्त करण्याचे महत्त्व.

पहिले काम मापाचे. त्याला पट्टी आणि भागाकार एवढेच लागते. खरी पद्मिनी ३९३० मिलिमीटर लांब, १४६० रुंद. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर २३४०. मी खेळणे मोजले. रुंदी ५८ भरली. १४६० ला २५ ने भागले तर ५८.४ येतात. म्हणजे रुंदीपुरते खेळणे पंचविसाव्या हिश्शाचे, चोख. पण त्या हिशेबाने लांबी १५७ हवी, ती भरली १५१. चाकांतले अंतर जवळजवळ ९४ हवे, ते भरले ८८. दोन्हीकडे सहा मिलिमीटरच कमी! बॉनेट आणि डिकी पुन्हा पुन्हा मोजली, ती बरोबर होती. खोक्यात मावावी म्हणून की कशासाठी, पण कोणीतरी ही गाडी मधेच आखडली होती, आणि ती सारी आखड दारांत गेली होती. सहा मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीत पंधरा सेंटिमीटर. उघडलेल्या पंजाची वीत नव्हे, पण तिच्या जवळ जाणारे. दादांनी पट्टी न लावता हे ओळखले होते.

तेव्हा इलाज ठरला. गाडी मधल्या खांबावर आडवी कापायची, मध्ये सहा मिलिमीटरची पट्टी घालायची आणि दारांच्या रेघा नव्याने आखायच्या.

अमेरिकेत हा मोठा छंद आहे आणि त्याला इतिहासही आहे. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० ते १९६८ पर्यंत मुलांसाठी एक स्पर्धा चालवली. प्रथम राजेशाही घोडागाडीची प्रतिकृती करावी लागे, पुढे मुले आपल्या कल्पनेतली मोटार लहान आकारात बनवीत. विजेत्यांना शिष्यवृत्त्या मिळत, आणि त्यांतले कित्येक पुढे मोटारीचे आराखडे काढणारे झाले. १९५८ मध्ये एएमटी कंपनीने असे प्लास्टिक संच काढले, की एकाच खोक्यातून गाडी तीन प्रकारे बनवता येई: कारखान्यातून निघते तशी, शर्यतीची, किंवा आपल्या मनासारखी बदललेली. मोठ्या गाड्यांवर जे चाले तेच मुले लहान गाड्यांवर करू लागली. कॅलिफोर्नियातले जॉर्ज आणि सॅम बॅरिस हे भाऊ खांब कापून टप खाली उतरवीत, दारांच्या मुठी काढून जागा सपाट करीत, पुढचे दिवे मडगार्डात खोल बसवीत. सॅमने १९४९ च्या मर्क्युरी गाडीचा टप असा उतरवला की ती गाडी आजही नमुना म्हणून दाखवतात. कौशल्य थोर आहे, मी टोपी काढतो. पण त्यांची धडपड गाडी कारखान्याच्या गाडीसारखी दिसू नये यासाठी होती. माझी करवत नेमक्या उलट कामाला लागली होती. कारखान्यातून जशी निघत होती तशी ती दिसावी, आणि ती तशी दिसते की नाही हे सांगणारा माणूस शेजारच्या घरात बसलेला!

करवत लावण्यापूर्वी प्लास्टिकची जात ओळखावी. खेळण्यांत बहुधा दोन कुळे येतात. एक पॉलिस्टायरीन आणि त्याचे भाऊबंद. हे कापता येते, घासता येते, चिकटते आणि रंगही धरते. दुसरे पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन. हे मेणचट असते, त्याला गोंद धरत नाही आणि रंग पापुद्र्यासारखा निघतो. दुसऱ्या कुळातल्या गाडीच्या नादी लागू नये. ओळखायची रीत सोपी आहे. गाडीच्या आतल्या बाजूचा एक कपचा काढून साध्या पाण्यात टाका. तरंगला तर दुसरे कूळ, बुडाला तर काम होण्यासारखे आहे. आमच्या बाजूला मिठागरे आहेत. आगरातल्या मीठ धरू लागलेल्या दाट पाण्यात मात्र पॉलिस्टायरीनही तरंगते, तेव्हा परीक्षा गोड्या पाण्यातच घ्यावी.

बॉडी हातात घेतली की तिच्यावर एक बारीक उंच रेघ दिसते. टपाच्या कडेने, मडगार्डावरून ती गेलेली असते. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथली ही रेघ. प्लास्टिकचे दाणे तापवून स्क्रूच्या जोराने साच्यात दाबतात, साचा पाण्याने गार करतात, तो उघडतो आणि पिना माल बाहेर ढकलतात. आतल्या बाजूला त्या पिनांचे गोल ठसे दिसतील. एकोणिसाव्या वर्षी मी अशाच एका मशीनवर उभा होतो. मशीनचे दार उघडले की साचा मिटू नये यासाठी एक स्विच असतो. माल जास्त पडावा म्हणून तो स्विच तारेने बांधून ठेवलेला असे. शेजारच्या मशीनवरच्या मुलाची दोन बोटे गेली, त्यानंतरच्या आठवड्यात मी संघटनेची पावती फाडली. असो. ती रेघ ब्लेडच्या धारेने खरवडून काढावी. खरवडताना ब्लेड आडवे ओढायचे, आत खुपसायचे नाही.

आता कापणे. जिथे कापायचे तिथे दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी सरळ लावा. तीच आपली आखणी. करवत बारीक दातांची घ्या आणि सावकाश चालवा. घाई केली तर घर्षणाने प्लास्टिक वितळते, पात्याला चिकटते आणि काप वाकडा जातो. टपाचा भाग मी करवतीने कापला. खांब मात्र ब्लेडच्या पाठीने रेघ ओढून ओढून तोडले, कारण ते नाजूक असतात आणि करवतीच्या झटक्याने मोडतात.

गाडीचे दोन तुकडे झाले की पोटात गोळा येतो. यायचाच. ते दोन्ही तुकडे काचेच्या सपाट तावदानावर ठेवा. काच खोटे बोलत नाही. चारही चाकांच्या कमानी काचेपासून सारख्या उंचीवर आल्या पाहिजेत आणि मागून पाहिले असता टप एका बाजूला कललेला नसावा. मध्ये घालायच्या पट्टीसाठी बाजारात खास पत्रे मिळतात, पण मी सीडीची जुनी डबी वापरली. ती पॉलिस्टायरीनचीच असते, आणि हल्ली सीडी कोणी ऐकत नाही, त्यामुळे घरोघर पडलेली सापडते. ती ठिसूळ असते. वाकवू नये, रेघ ओढून तोडावी.

जोडण्याच्या बाबतीत माझी फजिती सांगतो. पॉलिस्टायरीनला चिकटवायचे म्हणजे वितळवायचे. टोल्युइनसारखे द्रावक दोन्ही कडांना लागले की त्या मऊ होतात, एकमेकींत मिसळतात आणि द्रावक उडून गेल्यावर एकजीव होतात. हे मी पुस्तकात वाचले होते. वाचले होते म्हणून मला वाटले की येते. गॅरेजमधून रंगाचा थिनर बाटलीभर आणला आणि ब्रशने सढळ हाताने लावला. सकाळी पाहतो तो टप मधोमध बसलेला, उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखा. ते खेळणे वाया गेले. नातवाला दुसरे आणून दिले आणि तिसरे स्वतःसाठी घेतले. तेव्हा थिनर एका थेंबाने, बारीक ब्रशच्या टोकाने, आतल्या बाजूने लावावा. फटीत तो आपोआप ओढला जातो. आतून जोडावर आडवी पट्टीही चिकटवावी, नाहीतर पुढे घासताना जोड उकलतो. खोलीची खिडकी उघडी ठेवा. तारापूरचे पुष्कळ कामगार मला सांगतात, "आम्हाला वासाची सवय झाली." सवय नाकाला होते, फुप्फुसाला होत नाही.

जोडावर लांबी भरावी लागते. गॅरेजवाले पत्र्यावर भरतात तीच लांबी चालते, पण पातळ थरांनी. एकदम जाड भरली तर वरून सुकते, आत ओली राहते आणि महिन्याने तिथे खळगा पडतो. त्याच प्लास्टिकचे कपचे थिनरात विरघळवून केलेली लांबी उत्तम, कारण ती मूळ अंगाशी एकरूप होते. मात्र तिला सुकायला आठवडा द्यावा. घाईच्या ठिकाणी फेविक्विक आणि खाण्याचा सोडा. थेंबावर सोडा टाकताच तो दगडासारखा होतो. लगेच घासावा, दुसऱ्या दिवशी कानसही थकते. मग वॉटर पेपर पाण्यात भिजवून ४०० नंबर, ६०० नंबर, शेवटी १०००. कागदाला मागून खोडरबराचा ठोकळा द्यावा. नुसत्या बोटाने घासले तर बोटाच्या आकाराचे खड्डे पडतात.

इतके झाल्यावर मी गाडीला करड्या प्रायमरचे दोन हलके हात दिले. हलके अशासाठी की फवाऱ्यातला थिनरही प्लास्टिक खातो. ट्यूबलाइटखाली धरून पाहिली. प्रकाशाची रेघ बॉनेटपासून डिकीपर्यंत अखंड धावली पाहिजे; जिथे ती थरथरेल तिथे उंचवटा आहे. मला रेघ सरळ दिसली. मोठ्या अभिमानाने दादांकडे नेली.

त्यांनी चष्मा काढून ठेवला. डोळे मिटले. खिशातला रुमाल बोटांवर घेतला आणि गाडीच्या डाव्या अंगावरून एकदाच हात फिरवला, पुढून मागे. मागच्या दारावर बोट थांबले. "इथे फुगलंय." मी पुन्हा उजेडात धरली. काही दिसेना. "दिसणार नाही. हाताला कळतं. रुमाल अशासाठी की बोट अडखळत नाही, सरकत जातं." मी घरी जाऊन त्या जागी ६०० नंबरने दहा वेळा घासले, तेव्हा प्रायमर उडून खालून लांबीचा एक पांढुरका डाग वर आला. बाकी कुठेही लांबी दिसली नाही, फक्त तिथे. म्हणजे उंचवटा तिथेच होता.

दारांच्या फटीवर मात्र आमचे बरेच दिवस गेले. खेळण्यात दाराभोवती जो चर असतो, तो माझ्या मापाने पाऊण मिलिमीटरच्या वर होता. पंचविसाने गुणा: वीस मिलिमीटर. दादा म्हणाले, "या फटीतून बोट आत जाईल. आमच्याकडे असं दार कोणी पुढे सोडलं असतं तर सुपरवायझर राहू दे, पुढच्या माणसानेच परत पाठवलं असतं." म्हणून सारे चर भरून काढले आणि सुईच्या टोकाने नवे ओढले. खरी फट पाच मिलिमीटर धरली तर इथे मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. रेघ मारायला पोलादी पट्टी चालत नाही, कारण अंग गोल आहे; जाड चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावून त्यांच्या कडेने सुई ओढावी. पहिली ओढ अगदी हलकी, नुसता माग पडेल इतकी. जोर लावला की सुई घसरते आणि दारावर ओरखडा जातो. माझे असे चार ओरखडे गेले. चारही वेळा लांबी, पेपर, प्रायमर, पुन्हा पहिल्यापासून.

मधल्या खांबाची जागा कोणती, यावर वाद झाला. मी सहा मिलिमीटर दोन्ही दारांत निम्मे निम्मे वाटले होते. दादा म्हणाले, पुढच्याला कमी, मागच्याला जास्त. मी जुनी छायाचित्रे मिळवून त्यांवर पट्टी धरली. दादांचेच बरोबर निघाले. खांब पुढे सरकवला. आम्ही वाटाघाटीला बसतो तेव्हा समोरचे कागद घेऊन येतात आणि आमच्या माणसाला नुसते माहीत असते. त्याचे माहीत असणे कागदावर कसे आणायचे, यातच माझी निम्मी हयात गेली. इथे मला पट्टी तरी मिळाली.

एक दार उघडते केले, चालकाच्या बाजूचे. ते कापून काढले, कडा पातळ केल्या आणि तांब्याच्या तारेची बिजागरी बसवली. तार इंग्रजी 'एल' अक्षरासारखी वाकवून तिचे एक टोक दाराला आणि दुसरे पुढच्या खांबामागच्या नळीत घातले. नळी म्हणजे संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलचा तुकडा. दार पहिल्यांदा बसवले तेव्हा वरची फट बारीक आणि खालची रुंद आली. दादांनी बिजागरीची तार चिमटीत धरली आणि केसभर वाकवली. दार बसले. मी विचारले, "कारखान्यातही असंच करायचे?" ते म्हणाले, "तिथे चिमटी मोठी होती."

आता राहिला रंग, आणि तो अजून राहिलेलाच आहे. नातवाला टॅक्सी हवी: अंग काळे, टप पिवळा, वर सामानाचा कॅरियर आणि डाव्या बाजूला बॉनेटजवळ बाहेर बसवलेला जुना मीटर. कॅरियर तारेचा होईल, मीटर एका मण्यातून कोरता येईल; त्यात अवघड काही नाही. पण दादा रंग देऊ देत नाहीत. ते म्हणतात, रंगाचा शॉप पुढे होता. त्यांच्या हाताखालून गेलेली एकही गाडी त्यांनी काळी, पिवळी किंवा पांढरी पाहिली नाही. नुसता उघडा पत्रा पाहिला, करडा. तुझ्या प्रायमरचा रंग अगदी तसाच आहे, म्हणाले. पोर रोज शाळेतून आल्यावर विचारते, गाडी कधी काळी होणार? दादा सांगतात, उद्या. गेला महिनाभर त्यांचा उद्या चालू आहे. मी दोघांपुढे एक तडजोड मांडली: दुसरी गाडी करू, ती टॅक्सी. पोर कबूल झाले. पण त्याची अट आहे की तिची दारे आजोबांनीच बसवायची. तेव्हा चौथे खेळणे आणले आहे आणि ते सध्या दोन तुकड्यांत काचेवर पडले आहे.

पहिली गाडी इथे टेबलावर ठेवली आहे. व्याख्यान संपल्यावर जवळ येऊन पाहा, हातात घ्या. उजवे पुढचे दार उघडते, तेवढे हळू उघडा. तार पातळ आहे. दादा तिसऱ्या रांगेत बसले आहेत, दाराबद्दल काही विचारायचे असेल तर त्यांना विचारा.